परीक्षेची भीती घालवून मिळेल

एक गोष्ट तुम्हाला छातीठोकपणे सांगतो. अख्ख्या जामखेड तालुक्यात नवोदयच्या तयारीचे क्लास पंधरा-वीस असतील, पण पोरांच्या मनातली परीक्षेची भीती मुळासकट उपटून काढणारा क्लास एकच. माझा! गणित कुणीही शिकवतं हो. पण पाचवीतलं पोर तालुक्याला जातं, अनोळखी शाळेत अनोळखी बाकावर बसतं, समोर अनोळखी पर्यवेक्षक डोळे वटारतो आणि सहा महिने घोकलेलं सगळं भुर्रकन उडून जातं, त्याचं काय? त्याच्यावर औषध फक्त कल्याण सरांकडे. म्हणजे माझ्याकडे.

हे औषध मला सुचलं मागल्या वर्षीच्या समर्थमुळं. पोरगं एवढं हुशार की माझ्याच चुका काढायचं. परीक्षेत वेळ संपायला दहा मिनिटं असताना पर्यवेक्षक नुसते "आवरा आता" असं जरा मोठ्यानं म्हणाले, आणि हा पठ्ठ्या घाबरून, उत्तरांचे अकरा गोल कोरे ठेवून, पेपर देऊन मोकळा! नंबर थोडक्यात हुकला. मी त्या रात्री जेवलो नाही. बायको रेश्मा म्हणाली, "परीक्षा त्याची हुती का तुमची?" पण तिला क्लासचं काय कळतंय!

मी ठरवलं, यंदा भीतीलाच क्लासमध्ये बोलवायचं आणि पोरांची तिच्याशी ओळख करून द्यायची. भीतीच्या कामाला मी माझा मेव्हणा गोरक्षनाथ लावला. घोडेगावच्या बाजारात तो बैलांचा व्यापार करतो. आवाज असा की रेश्मा त्याला म्हणते, "दादा, फोन कशाला लावतोस, नुसतं बोल, हितवर ऐकू येतंय."

दर रविवारी आमची सराव परीक्षा. गोरक्षनाथ पांढराफेक शर्ट, काळा गॉगल, काखेत फाईल अशा अवतारात साहेब बनून यायचा. पोरं गोल रंगवण्यात दंग असली की टेबलावर हात आपटून गर्जायचा, "वेळ संपली! द्या रं पोरांनो पेपर! सोडा म्हणतो ना!"

पहिल्या रविवारी बावीसपैकी एकोणीस पोरं रडली. एकानं चड्डी ओली केली. नाव सांगत नाही, त्यालाही मान आहे. मग मी सगळ्यांचे डोळे पुसले आणि नियम घालून दिला. "कुणी ओरडू दे, दटावू दे, पेपर ओढू दे. माझी शिट्टी वाजल्याशिवाय पेपर सोडायचा नाही. दोन छोट्या, एक लांब. आणि कुणी लईच आरडाओरडा करायला लागला, तर समजायचं सरांचा मेव्हणाच हाय!"

औषध लागू पडलं! दोन महिन्यांत अशी अवस्था की गोरक्षनाथ मानेच्या शिरा फुगवून बोंबलतोय आणि पोरं निवांत गोल काळे करतायत. राजनंदिनी नावाची चुणचुणीत पोर तर त्याला म्हणाली, "काका, घसा बसंल. पानी प्या." तो बिचारा बाहेर येऊन मला म्हणाला, "दाजी, ही बातमी बाजारात गेली तर माझं बैल कुनी घ्यायचं न्हाई."

एकच पोर मला उमगत नव्हती. ज्ञानेश्वरी. ती पहिल्या रविवारी रडली नाही आणि नंतर हसलीही नाही. शेवटच्या बाकावर मान खाली घालून गोल रंगवायची. तिचे आईवडील दसरा झाला की ऊसतोडीला जायचे, ती आजीकडे, भागूबाईकडे राहायची. निघायच्या दिवशी तिचा बाप गहिनीनाथ क्लासच्या दारात उभा राहून म्हणाला, "सर, नंबर लागला तर पोरगी नवोदयच्या वसतिगृहात राहून शिकंल. न्हाई लागला तर पुढल्या साली आमच्यासंगं उसाच्या फडावर. आता म्हातारीच्यानं व्हत न्हाई, आन पोरीला एकटीला कुठं ठिवू?"

"गहिनीनाथ, काळजी सोड," मी म्हणालो. "पोरगी माझ्या हातात आहे." म्हणायला काय जातंय!

परीक्षेच्या शनिवारी दोन गाड्या करून आम्ही जामखेडला मुलींच्या शाळेतल्या केंद्रावर पोचलो. एक गाडी प्रेमापोटी गोरक्षनाथानंच चालवली. फाटकापाशी दुसऱ्या क्लासची पोरं आयांना मिठ्या मारून रडत होती. माझी पोरं मात्र हसत, एकमेकांना टाळ्या देत आत गेली! फाटकावरचा होमगार्डसुद्धा म्हणाला, "ही पोरं पेपरला आलीत का सहलीला?" मी नुसता मिशीतल्या मिशीत हसलो. साडेअकराला पेपर सुरू झाला आणि मी समोरच्या टपरीवर दोन चहा पिऊन चार पालकांना माझी पद्धत समजावून सांगितली.

दीड वाजता शेवटची घंटा झाली. पाच मिनिटांत पोरं भराभरा बाहेर यायला लागली. दुसऱ्यांची! माझं एक पण नाही.

"तुमची कुठं राह्यली?" एका पालकानं विचारलं.

"येतील हो, शिस्तीत येतील," असं मी म्हणालो, आणि म्हणता म्हणता मला आठवलं. शिट्टी! माझ्या शिट्टीशिवाय पेपर सोडायचा नाही! खऱ्या परीक्षेत शिट्टी नसते, घंटा असते, हे सहा महिन्यांत एकदा, फक्त एकदा सांगायचं राहून गेलं होतं!

तेवढ्यात आतून शिपाई धापा टाकत आला. "ह्या लाल टोपीवाल्या पोरांचा सर कोन हाय?"

टोप्या माझ्याच क्लासच्या. "म... मी."

"काय शिकीवलंय ओ ह्यांना? पेपर छातीशी धरून बसलीत! साहेब ओरडले तर हसत्यात! एक पोरगी म्हनती, मेव्हने, पानी प्या! केंद्राच्या मोठ्या बाई म्हनल्या, दहा मिनिटांत दिले न्हाईत तर सगळ्यांचे पेपर रद्दच्या पाकिटात!"

बावीस पोरं! आणि त्यात ज्ञानेश्वरी! मी होमगार्डच्या पाया पडायचा तेवढा राहिलो. "दादा, आत सोडा. एक शिट्टी मारतो आणि येतो!"

"शिट्टी? पोरींच्या शाळेत?" त्यानं काठी आडवी धरली. "मागं व्हा!"

मी खिसे चाचपले. शिट्टी घरी, खुंटीला. ज्ञानेश्वरीची आजी भागूबाई शेजारीच उभी होती. तिला सगळं कळलं असं नाही, पण शिट्टी हवी एवढं कळलं. तिनं पदर खोचला, दोन बोटं तोंडात घातली आणि अशी शिट्टी फुंकली की कान बधिर! जन्मभर शेळ्या वळलेली बाई. दोन छोट्या, एक लांब हे तिला कोण सांगणार! मैदानापलीकडच्या तीन शेळ्या पळत फाटकापाशी आल्या. पोर मात्र एकही आलं नाही.

"दाजी, माझ्यावर सोडा!" मागून गोरक्षनाथ गरजला, आणि मी नको नको म्हणेपर्यंत गडी कुंपणाच्या भिंतीवर चढला. घाईत त्यानं काळा गॉगलपण घातलेला. दोन्ही हात तोंडाशी नेऊन सगळ्या जामखेडला ऐकू जाईल असा ओरडला, "द्या रं पोरांनो पेपर! सोडा म्हणतो ना!"

झालं! अगदी तेच शब्द, तोच आवाज, तोच गॉगल! आतून माझ्या पोरांचा जल्लोष ऐकू आला. "आला, आला! मेव्हणा आला!" आता तर त्यांची खात्रीच पटली असणार की आजचा रविवार शनिवारी आहे! मी कपाळ धरून खाली बसलो.

आणि नेमका तेव्हाच फोन वाजला. गहिनीनाथ! कुठल्यातरी फडातून, मागं मोळ्या टाकल्याचा आवाज. "सर, झाला का वो पेपर? पोरगी काय म्हनली?"

काय सांगू? पोरीचा पेपर तुमच्या सरानं बुडवला म्हणून सांगू? मला खरंच रडू फुटलं. "होतोय... होतोय अजून," असं म्हणून मी फोन कापला आणि उठलो. होमगार्डच्या गळ्यात शिट्टी लोंबत होती. त्याला काही कळायच्या आत मी ती धरली. दोरी त्याच्या मानेत, शिट्टी माझ्या तोंडात, त्याचा गाल माझ्या गालाला! तो "अरं सोड, सरकारी शिट्टी हाय!" म्हणून मला ढकलतोय, आणि मी जिवाच्या आकांतानं फुंकतोय. दोन छोट्या, एक लांब!

आतला कल्ला एकदम थांबला. मिनिटाभरात माझी पोरं रांगेनं बाहेर पडली. राजनंदिनी माझ्यापाशी येऊन म्हणाली, "सर, आजचे मेव्हणे लई भारी हुते! रडायलाच आलते!"

पण ज्ञानेश्वरी दिसेना. आणि शिपाई पुन्हा आला. "सर, बाईंनी आत बोलावलंय. आन ते भिंतीवरचं उतरवा आधी."

केंद्रसंचालक बाई खुर्चीत ताठ बसलेल्या. समोर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा, बाजूला एक कोरं पाकीट. रद्दवालं पाकीट ते हेच असणार! मी आत पाऊल टाकलं तेच हात जोडून.

"बाई, माझ्यावर केस करा. माझा क्लास बंद करा. पण पोरांचं वर्ष घालवू नका. त्यांनी माझं ऐकलं, एवढीच त्यांची चूक आहे."

बाईंनी मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. "पंधरा मिनिटं, सर. पंधरा मिनिटं माझे दोन पर्यवेक्षक तुमच्या पोरांना हात जोडत होते. एक जण आता घरी जाऊन राजीनामा लिहितो म्हणतोय."

"माफ करा बाई."

"घंटेनंतर एकाही पोरानं पेन लावलं नाही. पेपर नुसते मिठी मारून बसले. मी स्वतः उभी होते म्हणून पाकीट कोरं आहे. पण घडलं ते तुमच्याच हातानं लिहून द्यायचं. सगळं. मेव्हण्यासकट."

मी लिहायला बसलो. स्वतःचंच नाव दोनदा खोडलं. मग धीर करून विचारलं, "बाई, ज्ञानेश्वरी नावाची मुलगी... तिनं फार त्रास दिला का?"

"ती? खिडकीशी बसलेली?" बाईंचा आवाज पहिल्यांदाच जरा मऊ झाला. "तुमच्या क्लासमधली तेवढी एक शहाणी. घंटा झाली, पेपर दिला, गप्प बसली. बाकीच्यांना पण सांगत होती, द्या म्हणून. उलटी आली म्हणून शिपाईबाई तिला नळावर घेऊन गेल्यात."

मी लिहिलेला कागद बाईंपुढं ठेवला आणि नळाकडं पळालो.

निकाल लागला तेव्हा ऊसतोड संपून माणसं गावात आली होती. बावीसपैकी एकीचा नंबर लागला. ज्ञानेश्वरीचा! झालं गेलं मी सगळं विसरलो, माणूसच आहे. शाळेच्या पटांगणात मांडव घातला, सत्कार ठेवला, पुढल्या वर्षीचे पालक मुद्दाम पुढच्या रांगेत बसवले. अर्धा तास भीती निर्मूलनावर बोललो. गहिनीनाथ आणि त्याची बायको रंगुबाई, दोघं अंग चोरून कडेला बसली होती. मग मी ज्ञानेश्वरीच्या हातात माईक दिला.

"सांग बेटा सगळ्यांना. सरांनी तुझी भीती कशी घालवली?"

तिनं माईक दोन्ही हातांनी धरला. माझ्याकडं बघितलं, मग आईकडं.

"न्हाई गेली, सर," ती हळूच म्हणाली. "मेव्हण्याची कधी वाटलीच न्हाई. पेपर गेला तर फडावर जावं लागंल, त्याचं लई भ्या वाटत हुतं. रोज वाटत हुतं. म्हनून अभ्यास केला."

रंगुबाईनं पदर तोंडाला लावला. गहिनीनाथ खाली बघत मातीत रेघा ओढत राहिला. आणि पुढच्या रांगेतले सगळे पालक माझ्याकडं बघत होते. बोलायचं मलाच होतं. मी घसा खाकरला, दोनदा खाकरला, आणि एवढंच म्हणालो, "चहा घेऊन जा सगळ्यांनी."