गच्चीवरील खताच्या पिंपाची बखर

श्री. जिच्यातून अन्न येते आणि जिच्यात अन्न जाते, त्या मातीस नमस्कार करून हकीगत घडली तशी लिहिली आहे, पदरचे काही घातले नाही.

शके १९४६, क्रोधी नाम संवत्सरी, माघमासी, एका चौमजली सोसायटीच्या राज्यात द्वारकाबाई सामंत म्हणून वृद्ध बाई लेकाकडे राहावयास आल्या. गावी चाळीस वर्षे परसू राखिले, ते सुटले, आणि येथे मातीचा कण दिसेना, म्हणून बहुत कष्टी जाहल्या. मग लेकाने निळे पिंप आणिले, त्यास भोके पाडिली, गच्चीच्या कोपऱ्यात विटांवर बसविले, आणि बाई त्यात भाजीची देठे, केळीच्या साली, चहाचा चोथा घालू लागल्या. खत होईल, मग वेल चढवू, अशी मसलत. येथवर सर्व यथास्थित.

परंतु ज्याचे आपण घेणार त्यास आधी घास द्यावा, ही बाईंच्या घरची रीत. मग रोज दुपारी पिंपाभोवती पाणी फिरवून आत वरणभात, वर तुपाची धार, आणि ऊन वाढले म्हणून वाटीभर ताकही देऊ लागल्या. लेक नको म्हणे, पण आईपुढे त्याचे काय चालणार! पिंपाने दहा दिवस निमूट खाल्ले, आणि अकरावे दिवशी ऐसी घाण सोडिली की गच्चीवर पापड वाळविणाऱ्या बायका पापडांसकट जिना उतरल्या. राज्याचे सचिव बिवलकर खासे वर आले, नाकास रुमाल लाविला, आणि हुकूम फर्माविला की येत्या रविवारी पिंप कचऱ्याच्या गाडीत जाईल. तो दिवस सोमवार. बाईंचा धीर खचला. पिंप गेले तर आपण गावी एकट्या परत जाऊ, ऐसे लेकास निक्षून सांगितले.

ते समयी पारूबाई, जी राज्याचे अंगण झाडीत असे, तिने पिंपात डोकावले, आणि तिला हसू आवरेना. बोलली, "आजी, तुम्ही याला पंगतीलाच बसवलंत की. याला कोरडं लागतं." खाली बदामाची पाने रोज गोळा होत आणि सचिवांच्याच हुकुमाने जाळली जात. मग तिने दोन पोती पाने वर आणिली, आणि दोघींनी पदर खोचून पिंप उपसले, आणि पाने चुरून थरावर थर दिले, आणि रोज काठीने खालवर केले. नैवेद्य बंद जाहला. दारच्या पाहुण्यास उपाशी ठेविल्यासारखे बाईंस वाटे, परंतु मन घट्ट करून घास दिला नाही.

रविवारी सचिव दोन गडी घेऊन आले, झाकण काढिले, वास घेतला, पुन्हा घेतला. ओल्या पालापाचोळ्याचा वास, दुसरे काही नाही. मग मागल्या सोमवारी काय झाले होते, ऐसे विचारिते झाले. लेक हवेवर ढकलणार, तोच बाई पुढे आल्या.

"चूक माझी, भाऊ. मी त्याला जेवायला घातलं. पण हे नेऊ नका. मला आता एवढंच परसू उरलंय."

ऐसे बोलून बाई सर्वांदेखत रडल्या. सचिवांनी हुकुमाचा कागद घडी करून खिशात घातला, गडी माघारी लाविले, आणि पाने जाळणे आजपासून बंद, ती गच्चीवर द्यावी, ऐसे सांगितले. मग जिन्यापाशी थांबून हळूच म्हणाले, "खत झालं की मूठभर आमच्या गुलाबाला ठेवा."

येणेप्रमाणे पिंप जागेवर राहिले, सचिवांचे नाक शाबूत राहिले, आणि द्वारकाबाई त्या दुपारी दोनदा भात मागून जेवल्या. गावी जाण्याचे नाव पुन्हा काढिले नाही. इति.