कर्णिकांचं एम.बी.ए. आणि पंपाची किल्ली

एम.बी.ए. करायचं, हे हरिहर कर्णिकांनी श्रीखंडाच्या दुसऱ्या वाटीला ठरवलं. श्रीखंड साडूच्या घरचं होतं आणि साडू नुकताच एम.बी.ए. करून मॅनेजर झाला होता. वाढता वाढता तो म्हणाला, "तुम्ही अजून क्लार्कच ना?" झालं! श्रीखंडाची गोडीच गेली. (वाटी मात्र संपवली.)

आता कर्णिकांची शैक्षणिक बाजू म्हणाल, तर बी.कॉम.ला सत्तेचाळीस टक्के, तेही दुसऱ्या खेपेला. प्रवेश परीक्षेत शंभरापैकी एकवीस. "त्यातली उत्तरं येत होती म्हणून किती, आणि चुकून बरोबर आलेली किती?" बायकोने, म्हणजे सरोजवहिनींनी, विचारलं. पण फॉर्मच्या तळाशी एक ओळ होती: मार्क कमी असल्यास नेतृत्वगुणांचा विचार होईल. कर्णिकांना त्या ओळीत देव दिसला.

"अगं, मी कधी नेतृत्व केलंय का गं?"

"वरातीत पुढे होतात की. घोड्याचा लगाम दुसऱ्याच्या हातात होता, ते सोडा."

त्याच रविवारी वर्तकनगरातल्या त्यांच्या सोसायटीची वार्षिक सभा होती. 'नवीन सेक्रेटरी कोण?' हा विषय निघाला की सगळ्यांनी पंख्याकडे बघायचं, ही तिथली जुनी रीत. कर्णिकांनी हात वर केला. लोकांना वाटलं, गृहस्थांना तहान लागली असेल. खरं काय ते कळल्यावर टाळ्या थांबेनात. नऊ वर्षं सेक्रेटरीपदातून सुटकेची वाट बघणाऱ्या परशुराम तरेंना तर रडूच कोसळलं. मुलीची पाठवणी करावी तशी त्यांनी पंपाची किल्ली कर्णिकांच्या हातात ठेवली. "सांभाळा हो. पहाटे पाचला चालू करावा लागतो, संध्याकाळी पुन्हा."

पुढचे दोन महिने कर्णिक पाचला पंपापाशी, सातला गच्चीच्या गळतीपाशी आणि संध्याकाळी पहिल्या मजल्याचं धुणं विरुद्ध तळमजल्याच्या कुंड्या या भांडणात. मुलाखतीचं पुस्तक उशाशी तसंच पडून. पण इमारत उभी राहिल्यापासून पहिल्यांदा चौथ्या मजल्याच्या नळाला धार आली! कर्णिक चौथ्यावरच राहत. सरोजवहिनी भरलेल्या हंड्याकडे नुसत्या बघत उभ्या राहायच्या.

फॉर्मसोबत बंद पाकिटात शिफारसपत्र हवं होतं. चेअरमन विठ्ठलराव म्हणाले, "देतो की! असं लिहितो, की वाचणारा थक्क झाला पाहिजे."

मुलाखतीला तीन प्राध्यापक होते. मार्कशीट बघून तिघांनी चष्मे पुसले. मग एकाने फॉर्मवरचं 'सोसायटीचे सेक्रेटरी' वाचून पाण्याचं विचारलं आणि कर्णिक खुलले. कुठला व्हॉल्व्ह कधी, किती फिरवायचा, सगळं सांगितलं. एक प्राध्यापक तर लिहूनच घेत होते. (तेही चौथ्या मजल्यावर राहत असावेत.) कर्णिकांना दारावरची 'मॅनेजर' अशी पाटी दिसू लागली. तेवढ्यात मधल्या प्राध्यापकांनी पाकीट फोडून वाचायला सुरुवात केली.

"'श्री. कर्णिक अत्यंत कर्तबगार गृहस्थ आहेत. ते गेल्यास आमच्या इमारतीचे पाणी बंद होईल. तरी त्यांना कृपया प्रवेश देऊ नये, ही नम्र विनंती. सोबत सर्व चोवीस ब्लॉकांच्या सह्या.'"

"चोवीस कशा असतील, सर?" कर्णिक केविलवाणेपणाने म्हणाले. "त्यातला एक ब्लॉक माझा आहे."

प्राध्यापकांनी कागद त्यांच्याकडे फिरवला. चोविसावी सही सर्वांत वळणदार होती. सौ. सरोज हरिहर कर्णिक.

घरी येऊन कर्णिकांनी फाइल आपटली. "तू सही केलीस?"

"केली. एकवीस मार्कांवर तुम्हाला कोण घेणार होतं? म्हटलं, निदान पाणी तरी राहू दे."

"माझ्या आयुष्याचा प्रश्न होता! बस्स, आत्ताच्या आत्ता सेक्रेटरीपदाचा राजीनामा देतो!"

"द्या की," सरोजवहिनी हंडा नळाखाली सरकवत म्हणाल्या. "पण सगळे अर्ज सेक्रेटरीकडे द्यायचे, असं तुम्हीच खाली बोर्डावर लावलंय."

कर्णिकांनी टाय सोडला आणि खुंटीवरची किल्ली घेतली.