छंद : पोहणे

रकाना सतरा : छंद

सोळा रकाने भरून झाले होते. आमदार श्रीनिवास केंजळे खुर्चीत मान मागे टाकून, डोळे मिटून बसले होते आणि त्यांचे स्वीय सहायक मकसूद शिकलगार समोर फॉर्म घेऊन. निवडून आलेल्या सदस्यांची परिचय-पुस्तिका निघते, तिच्यासाठीचा हा फॉर्म. केंजळे तिसऱ्यांदा निवडून आले होते. मिरवणुकीचा गुलाल अजून कानामागून निघायचा होता आणि बाहेरच्या बाकावर अकरा माणसं अर्ज घेऊन बसली होती.

"छंद?" मकसूदभाईंनी विचारलं.

"झोप."

"झोप लिहिता येत नाही, साहेब."

"मग काहीही लिहा."

मकसूदभाई काहीही लिहिणारे गृहस्थ नव्हते. त्यांनी नीट विचार केला. वाचन लिहावं, तर हल्ली काय वाचताय असं कोणीतरी विचारणार. संगीत लिहावं, तर बैठकांना बोलावणार आणि मांडी घालून बसवणार. ज्याची परीक्षा कोणी घेणार नाही असा छंद हवा. आमदाराला पाण्यात कोण उतरवतोय? त्यांनी सुवाच्य अक्षरात 'पोहणे' असं लिहिलं आणि फॉर्म पुढे सरकवला. केंजळ्यांनी न वाचता सही केली. दिवसाला दीडशे सह्या करणारा माणूस वाचत बसला तर अकराव्या माणसाचा नंबर दिवाळीतच लागायचा.

केंजळ्यांना पोहता येत नव्हतं. बादलीपेक्षा खोल पाण्याशी त्यांचा कधी संबंधच आला नव्हता.

रकाना अकरा : सामाजिक कार्य

पुण्यात पाहुण्याचा परिचय करून दिल्याशिवाय नारळसुद्धा फुटत नाही. परिचय करून देणारा पुस्तिकेतून उतरवून घेतो आणि त्याच्यापुढचा ह्याच्या भाषणातून. प्रत्येक जण उतरवताना पदरचं चिमूटभर घालतो. पहिल्या वर्षी केंजळ्यांना पोहण्याची आवड होती. दुसऱ्या वर्षी ते जलतरणपटू झाले. तिसऱ्या वर्षी विद्यापीठाच्या संघात गेले. चौथ्या वर्षी एका निवृत्त मुख्याध्यापकांनी सद्गदित होऊन सांगितलं, की पानशेतच्या पुरात, जेमतेम एकोणीस वर्षांचे असताना, आपल्या पाहुण्यांनी सात जणांना वाहत्या पाण्यातून ओढून काढलं.

त्या दिवशी केंजळे वाईला मामाकडे होते. त्यांना गालगुंड झालं होतं.

हे तिथल्या तिथे खोडून काढायला हवं होतं. पण तो दिवसातला पाचवा कार्यक्रम होता, सहावा धायरीला होता, आणि खोडायचं म्हणजे उठून उभं राहायचं, गुडघे सरळ करायचे. केंजळे बसून राहिले. टाळ्या वाजून गेल्या.

पुढच्या आठवड्यात कार्यालयात एक वयस्कर गृहस्थ आले आणि वाकून नमस्कार करू लागले. त्या सातांपैकी एक आपण, असं त्यांचं म्हणणं होतं. केंजळ्यांनी त्यांना हळूच सांगितलं, की अहो, मी तेव्हा पुण्यात नव्हतो. त्यावर गृहस्थ डोळे पुसत म्हणाले, "तुम्हाला कसं आठवणार, साहेब? तुम्ही किती जणांना काढलंत." जाताना ते मुलाच्या बदलीसाठी शिफारसपत्र घेऊन गेले.

वर्षभरात सातांचे नऊ झाले.

रकाना नऊ : परदेश प्रवास

नाही. पत्नी वासंतीबाईंनी तो विषय आता सोडून दिला आहे.

रकाना बारा : मतदारसंघातील कामे

पाच वर्षं संपत आली. आचारसंहिता कुठल्याही दिवशी लागणार, म्हणून उद्घाटनं घाऊक भावात चालली होती. त्यातच कर्वेनगरचा पोहण्याचा तलाव होता, केंजळ्यांच्याच आमदार निधीतला. निमंत्रणपत्रिका छापून आली तेव्हा मकसूदभाई ती टेबलावर उलटी ठेवून उभे राहिले. सुलटी केल्यावर दिसलं : 'फीत कापल्यानंतर पहिला सूर मा. आमदार स्वतः मारतील.'

"हे कोणाच्या डोक्यातून निघालं?"

"मुळात म्हणाल, तर माझ्या," मकसूदभाई म्हणाले. आणि मग त्यांनी रकाना सतराची हकिगत सांगितली.

केंजळे चिडले नाहीत. चिडायला जे लागतं ते त्यांच्याकडे साधारण दुसऱ्या टर्मपासून शिल्लक नव्हतं. पण समोरच्या पक्षाच्या उमेदवाराने पहिल्या रांगेतली खुर्ची मागितली होती, आणि पूरवीर बघायला फोटोग्राफर घेऊन येतो असा निरोपही धाडला होता. गेल्या वेळी केंजळे अकराशे मतांनी आले होते. आता ते पाण्यात गटांगळ्या खाताना दिसले, तर त्यांच्याबरोबर ते नऊ जणही पुन्हा बुडणार होते. चौदा वर्षांची आमदारकी त्यांच्या पाठोपाठ गेली असती, आणि पुढची वीस वर्षं लक्ष्मी रोडवर कोणीही त्यांच्याकडे बघून हसलं असतं.

घरी त्यांनी ताप आल्याचं कळवू या का, असं विचारून पाहिलं. वासंतीबाई भाजी निवडत होत्या.

"कळवा की. दोनशे माणसं बघायला येतील. चहा कोण करणार आहे?"

मकसूदभाईंनी हाताला प्लास्टर सुचवलं. तेही रद्द झालं, कारण उजवा हात प्लास्टरमध्ये घातला तर सह्या अडणार होत्या, आणि डावा घातला तर नऊ जणांना काढणाऱ्याला एक हात पुरे, असं लोक म्हणाले असते. शेवटी केंजळ्यांनी संयोजकांना फोन करून सरळ सांगितलं, की मला पोहता येत नाही. संयोजक पुष्कळ वेळ हसले. हा विनयच तुमचा मोठेपणा, असं म्हणाले, आणि हे वाक्य त्यांनी त्याच संध्याकाळी दुसऱ्या पत्रिकेवर छापायला दिलं.

सोळा दिवस उरले होते.

रकाना पाच : शिक्षण

सदाशिव पेठेत एका जुन्या संस्थेचा लहानसा हौद आहे. तिथे उल्काताई पोहायला शिकवतात. गळ्यात शिट्टी, डोक्याला स्कार्फ, आणि बोलणं असं, की पाण्यात पडलेलं बरं वाटावं. पहाटे साडेपाचला, कोणी यायच्या आत, त्यांनी बासष्ट वर्षांच्या आमदारांच्या पाठीला पत्र्याचा डबा बांधला.

"आमदार आहात ना? मग ऐकायची सवय नसेल."

"ऐकण्याशिवाय दुसरं काही करत नाही मी," केंजळे म्हणाले.

पहिले चार दिवस ते पाणी प्यायले. अडचण वेगळीच होती. छातीसमोर हात जोडून पुढे न्यायचे आणि मग बाजूला फाकायचे, एवढंच शिकायचं होतं. हात जोडणं त्यांना फार सुरेख जमे. पण जोडले, की ते तसेच राहत, मान किंचित झुके, चेहऱ्यावर हसू येई, आणि साहेब त्याच पवित्र्यात सावकाश तळाला जात.

"अहो, नमस्कार करून झाल्यावर हात सोडायचे असतात," उल्काताई काठावरून म्हणायच्या. "इथे मतं नाहीत."

नवव्या दिवशी हात सुटले. अकराव्या दिवशी डबा सुटला. तेराव्या दिवशी त्यांनी हौदाची रुंदी पार केली आणि दम खायला म्हणून ते पाठीवर तरंगले. कान पाण्याखाली गेले.

केंजळे दचकले. काहीच ऐकू येत नव्हतं. फोन काठावर मकसूदभाईंच्या खिशात. हातात कागद देणारं कोणी नाही. वर फक्त पत्र्याचं छप्पर, आणि त्या छपराला काहीही मंजूर करून हवं नव्हतं. शेवटचं असं कधी झालं होतं ते त्यांना आठवेना. उल्काताईंनी तीनदा शिट्टी वाजवली. त्यांनी ती ऐकली नाही, आणि चौथ्यांदा ऐकूनही ऐकली नाही.

रकाना तेरा : विशेष उल्लेखनीय

उद्घाटनाला तुडुंब गर्दी होती. मुख्याध्यापकांनी परिचयात आकडा अकरावर नेला. समोरच्या पक्षाचे उमेदवार पहिल्या रांगेत पाय पसरून बसले होते, फोटोग्राफर गुडघ्यावर टेकून तयार होता. केंजळ्यांनी फीत कापली, सदरा काढला, मकसूदभाईंनी डोळे मिटले.

त्याला सूर म्हणणं धाडसाचं होईल. साहेब पोटावर पडले आणि त्या आवाजाने पहिल्या दोन रांगा भिजल्या. पण ते वर आले. हात जोडले, सोडले, जोडले, सोडले, आणि बघता बघता पलीकडच्या काठाला लागले. समोरच्या पक्षाच्या उमेदवारांना टाळ्या वाजवाव्या लागल्या. फोटो छान आला.

मग एका वार्ताहराने विचारलं, की या वयात हे कसं काय? केंजळे धापा टाकत होते, चेहरा लाल झाला होता, आणि चौदा वर्षांत पहिल्यांदाच ते नुसते खूश होते. सावध राहायचं राहून गेलं.

"रोज पोहतो," ते म्हणाले. "साडेपाचला, सदाशिव पेठेत. तासभर तरी. तेवढाच निवांत असतो मी."

दुसऱ्या दिवशी ते जसंच्या तसं छापून आलं. ठिकाणाच्या पत्त्यासकट.

रकाना चौदा : मतदारांना भेटण्याची वेळ

केंजळे निवडून आले, सव्वाचारशे मतांनी. निकालाच्या दुसऱ्या दिवशी साडेपाचला ते हौदावर पोचले तेव्हा काठावर सतरा माणसं बसली होती. मकसूदभाईंनी शक्य तेवढी शिस्त लावली. अर्ज प्लास्टिकच्या पिशवीत आणावेत, अशी पाटी त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहून दाराशी टांगली. साहेब पाण्यात असताना हाका मारू नयेत, असंही खाली लिहिलं.

ते लोकांनी पाळलं. कोणी हाका मारल्या नाहीत.

तिसऱ्या दिवशी केंजळे डोळे मिटून, कान पाण्याखाली घालून तरंगत होते, तेव्हा त्यांच्या खांद्याला काहीतरी लागलं. त्यांनी डोळे उघडले. छातीभर पाण्यात एक माणूस उभा होता. कमरेला टॉवेल, डोक्यावर टोपी, आणि वर धरलेल्या हातात दुधाच्या पिशवीत घडी घातलेला अर्ज.

"संपत पोकळे, धायरी," तो अदबीने म्हणाला. "ड्रेनेजचं हाय, साहेब. तुमी पोहा निवांत. मी बाजूनं चालत चालत सांगतो."

केंजळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. हात जोडले. मग छातीत मावेल तेवढा श्वास भरून घेतला आणि पाण्याखाली गेले.

पाणी शांत झालं. चार बुडबुडे आले, मग तेही थांबले. संपतने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. थोड्या वेळाने त्याने काळजीने काठाकडे पाहिलं.

उल्काताईंनी घड्याळावरची नजरसुद्धा काढली नाही.

"थांबा तुम्ही," त्या म्हणाल्या. "वर यावंच लागतं त्यांना."