उकंडरावांचं वांगं

आमचे शेजारी उकंडराव कापलेल्या वांग्यासमोर घड्याळ घेऊन बसतात. फोड काळी पडली, की वहीत वेळ टिपतात आणि उसासा सोडतात. घरात कुणी वारल्यावरही माणूस इतका मन लावून सुतक पाळत नाही.

कारंज्याच्या कॉलेजात ते तीस वर्षं प्रयोगशाळेत परिचर होते. म्हणजे काचेची भांडी धूत होते. निवृत्त झाले आणि एकाएकी शास्त्रज्ञ झाले. याला कारण त्यांची बायको, वेणूवहिनी. दोन वर्षांपूर्वी वहिनींचा उजवा हात थरथरू लागला आणि अकोल्याच्या डॉक्टरांनी पार्किन्सन्स सांगितला.

"मेंदूत डोपामिन नावाचा माल असते, गुरुजी," उकंडरावांनी मला समजावलं. "एक एन्झाइम त्याले खाऊन टाकते. त्या एन्झाइमचं तोंड बांधायचं, बस! वांगं काळं पडते तेही एन्झाइममुळंच. वांग्याले थांबवलं, का मेंदूतल्याले थांबवलं."

पुतण्याची वांग्याची वाडी आहे, त्यामुळे संशोधनाला तोटा नव्हता. लिंबू झालं, चिंच झाली, ताक झालं, एकदा टूथपेस्टही झाली. निकाल विचारला, की एकच उत्तर: "निरीक्षण चालू हाय." एका औषध कंपनीला त्यांनी नमुना पाठवायला काढला. कुरिअरवाल्याने डबी उघडायला लावली, तर आत लिंबाच्या रसात पोहणारी फोड! तो आजही त्यांना पाहिलं की शटर अर्धं खाली ओढतो.

एवढी अक्कल मात्र शाबूत होती, की वहिनींना यातलं काही पाजत नसत. "सरकारची मान्यता नाही," म्हणायचे. डॉक्टरांच्या गोळ्या मिनिटावर द्यायचे.

मला राग होता तो वेगळ्याच गोष्टीचा. वांगी कापायची फक्त वहिनींनी! तो हात थरथरतोय, आणि हे बुवा सुरी देऊन समोर बसलेत. फोडी कशाही वेड्यावाकड्या पडायच्या, आणि हे म्हणायचे, "नंबर एक!" गल्लीत मी त्यांना काय काय म्हणालो ते इथे लिहीत नाही.

परवा माझा भाचा नागपूरहून आला. तो अशाच औषधांच्या संशोधनात आहे. मी मुद्दाम त्याला घेऊन गेलो. म्हटलं, होऊन जाऊ दे एकदाचा निकाल. वहिनी स्वयंपाकघरात कापत होत्या. अंगणात भाच्याने नम्रपणे सांगितलं, "काका, वांग्यातलं एन्झाइम वेगळं, मेंदूतलं वेगळं. एकाला थांबवणारं दुसऱ्याला चालेलच असं नाही."

"हळू बोला बापू," उकंडराव कुजबुजले, "तुमची काकू आयकन."

"म्हणजे? तुम्हाला ठाऊक आहे?" मी विचारलं.

"सहा महिने झाले. कॉलेजातल्या सरांनी सांगितलं."

माझा पारा चढला. "मग त्यांना सुरी कशाला देता? लागलं म्हणजे?"

त्यांनी अंगणातल्या ओट्यावरची दुसरी सुरी माझ्या हाती दिली. मी बोट फिरवलं. धार नव्हतीच. दगडावर घासघासून मारून टाकली होती.

"सुनेनं तिले सैपाकातून काढलं. भल्यासाठीच काढलं. तवापासून भिताडाकडं तोंड करून बसे. म्हने, मी आता कोनाच्याच कामाची नाही. मंग म्या म्हटलं, माह्या प्रयोगाले तुह्याच हातची फोड लागते. मशीनची चालत नाही. आता रोज सकाळी मलेच उठवते, गुरुजी. म्हने, उठा, उशीर होऊन राह्यला."

मला माझ्या जिभेची लाज वाटली. आयुष्यभर पोरांना शहाणपण शिकवलं, आणि शेजारचं एवढं दिसलं नाही.

"खरं औषध कधी निघन, बापू?" त्यांनी भाच्याला विचारलं.

"सांगता येत नाही, काका. वर्षं लागतात."

"लागू द्या. तोवर मी तिचा हात चालता ठेवतो."

आतून वहिनींचा आवाज आला, "अवो, हे झालं. दुसरं घेऊ का?"

"घे," उकंडराव म्हणाले, "मोठं घे."