बोदूला सांगून शिंकणारे नाना

शेजारचे नाना शिंकायचे ना, तर आधी कुत्रीला सांगून शिंकायचे. खरंच सांगते. नाक वर, डोळे मिटलेले, एक हात हवेत, आणि तसल्या अवस्थेत म्हणायचे, "बोदू व, शिंक यी राहिनी! भिऊ नको." एवढं बोलेपर्यंत शिंक बहुतेक निघूनच जायची, मग बिचारे उगाच नाक चोळत बसायचे.

शिंकच नाही, सगळंच. "आते स्टोव पेटाडस हां." "आते दार लोटस हां." मधली भिंत इतकी पातळ, की नानांच्या घरात आता काय वाजणार ते मला माझ्या चुलीपाशी बसून कळायचं. नाना धुळ्याकडचे, बोलणं सगळं अहिराणी.

मी सावद्याची, भुसावळला नवीन. आमचे हे इंजिनावर फायरमन, लाइनवर गेले की दोन-दोन दिवस घरी नाहीत, आणि मी कडेवर तान्हं पोर घेऊन एकटी. मला सगळ्याचीच भीती. पालीची भीती, चोराची भीती, पोर रडलं तर का रडलं म्हणून आणि गप्प झालं तर का गप्प झालं म्हणून. कुत्र्याचं तर विचारूच नका. आणि नेमकं शेजारी कुत्रं!

पण ते माझ्याहून भित्रं निघालं. मला बघितलं की बोदू खाटेखाली, आणि तिला बघितलं की मी दाराआड. नाना मधे उभे राहून हसायचे, "आते कोन कोनले खाई ते तरी ठरवा!"

नाना मालगाडीवर गार्ड होते. एकदा गाडी बोदवडला थांबली, तर कुणी टारगटांनी या पिल्लाच्या शेपटीला रॉकेलचा डबा बांधून सोडलेलं. ते पळे, डबा वाजे, म्हणून ते आणखी पळे, तसंच रुळांवर आलं. नानांनी डबा सोडवला आणि तिला गार्डाच्या डब्यात घालून घरी आणली. बोदवडची म्हणून बोदू. तेव्हापासून तिला आवाज म्हटला की थरथर, आणि राहायचं कुठं, तर यार्डाला लागून! जन्मभर शिट्टी वाजवलेला माणूस, पण रिटायर झाल्यावर स्वतःची शिट्टी जुन्या धोतरात गुंडाळून पेटीच्या तळाशी ठेवली होती त्यांनी.

एक दिवस माझ्या दाराशी येऊन खाकरले. कडी वाजवत नसत, बोदूसाठी. म्हणाले, "सूनबाई, पोर्‍या रडनार व्हई, तं आधी सांगत जाय."

"नाना, तो मला तरी कुठं सांगतो?"

"हाई बी खरं शे," म्हणाले आणि परत गेले.

मग श्रावण आला. श्रावणात आमच्या खानदेशात कानबाई देवी बसते. घरातल्या एकेका माणसाचं नाव घेऊन सव्वा मूठ गहू धरायचा, त्याच पिठाचे रोट करायचे, आणि ते फक्त घरच्यांनी नि भाऊबंदांनी खायचे, परक्याला घासभरसुद्धा नाही. नानांना बायको-पोर नाही, ते मागचं साल सोडलं तर दर वर्षी गावी पुतण्याकडे जात. माझं म्हणाल तर माहेरी रोट होते, पण दिलेल्या मुलीची मूठ तिथं धरत नाहीत, आणि सासरी रोटच नाहीत.

पुतण्या न्यायला आला. नानांनी बोदूला दोरी बांधली, तसा तो ओरडला, "काका, रोटना घरमा कुत्रं आनतस का? तिले सोडा नी चाला. मागला साली बी तिनापायी गावले उनात नही. औंदा नही उनात तं तुमनी मूठ आम्ही धरणार नही, कायमनी."

नानांनी पिशवी भरली आणि दोरी माझ्या हातात आणून दिली.

"नाना, मला तिची भीती वाटते हो!"

"तिलेबी तुमनी वाटस. जमी जाई."

ते गेले न गेले तोच यार्डात इंजिन ओरडलं. बोदूनं सरळ माझ्या लुगड्यात तोंड खुपसलं. तिचं सगळं अंग हलत होतं, तिच्याबरोबर माझंही. पोर जागं होऊन टाहो फोडायला लागलं आणि मीच म्हणत सुटले, "शिट्टी होती हं बोदू, गेली बाई, गेली," आणि हात तिच्या पाठीवर. माझा हात!

दुपार टळली, तर नाना दारात. पिशवी तशीच.

"काय झालं नाना?"

"बस निंघी गयी."

"आणि पुतण्या?"

"तो गया ना त्याच बसमा."

मी दोरी त्यांच्या हातात दिली.

संध्याकाळी ते ओट्यावर सूप आणि गव्हाचं पोतं घेऊन बसले. एक सव्वा मूठ गहू टाकला, स्वतःचं नाव घेतलं. दुसरी टाकली, "बोदू." मग हात पोत्यात तसाच ठेवून माझ्याकडे न बघता म्हणाले, "सूनबाई, रोट परकाले देता येत नही. म्हनीसन इचारस. तुमनी मूठ धरू का? तिघासनी?"

मी नुसती जाऊन शेजारी बसले आणि पोराचा हात गव्हात घातला. त्यानं मूठ गच्च आवळली, सोडेचना. नाना त्याचं एकेक बोट हळूहळू उघडत बसले, एक उघडलं की दुसरं मिटायचं, आणि त्यांना काही घाई नव्हती.