घनश्यामभाऊंचं आमरण ध्यान

"एक तास! हलणार नाही, बोलणार नाही, डोळा उघडणार नाही! उघडला तर बापाचं नाव सांगणार नाही!"

ही गर्जना घनश्यामभाऊंनी सकाळी अंगणात, तोंडात ब्रश धरून केली. त्यामुळे तिचा बराचसा भाग फेसात विरघळला. पण शकुबाईंना सगळं कळलं. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांना नवऱ्याचं बोलणं फेसातून, घासातून आणि घोरण्यातूनही कळायला लागलं होतं.

"तुमच्यानं?" सडा टाकता टाकता त्या म्हणाल्या. "चहा गाळून होतपर्यंत एका जागी उभं राहवत नाही तुमच्यानं. तासभर कायचे बसता जी!"

घनश्यामभाऊंना राग आला. पण हल्ली राग आला की ते तो बघत असत. हे त्यांना योगेंद्र मेश्राम सरांनी शिकवलं होतं. हायस्कुलातून निवृत्त झाल्यापासून सर दर रविवारी गावच्या बुद्धविहारात ध्यान शिकवत. ज्याला यायचं त्यानं यावं, जात विचारायची नाही, वर्गणी मागायची नाही. कोणीतरी सांगितलं की यानं बीपी उतरतं, म्हणून घनश्यामभाऊ पहिल्यांदा गेले. दुसऱ्यांदा गेले ते वेगळ्याच कारणानं. त्या वीसेक मिनिटांत त्यांना कोणीही काहीही विचारलं नव्हतं! मोटर सुरू केली का, म्हशींची ढेप आणली का, तुमच्या भावाचा फोन काहून आला, काही नाही! सुख म्हणजे हे असं काहीतरी असतं, ही बातमी त्यांच्यापर्यंत पन्नाशी उलटल्यावर पोचली होती.

सर म्हणत, "श्वास आला, आला म्हणा. गेला, गेला म्हणा. राग आला तर राग आला एवढंच पाहा. त्याला हाकलू नका अन् बसायला खुर्चीही देऊ नका."

विहारात हे जमायचं. घरी श्वास बघायला बसलं की मिक्सर ऐकू यायचा. मिक्सर थांबला की टीव्ही. टीव्ही थांबला की शकुबाईंचा तुमसरच्या बहिणीला फोन, आणि तो त्या अशा आवाजात करत की फोन नसता तरी तुमसरला ऐकू गेलं असतं.

म्हणून आज पैज लागली. घनश्यामभाऊंनी तासभर अचल बसून दाखवलं, तर रोज सकाळी तासभर घरात टीव्ही, मिक्सर आणि तुमसर, तिन्ही बंद. नाही जमलं, तर ध्यान कायमचं बंद आणि त्या वेळात म्हशींचं शेण काढायचं.

"तास झाला की मी येऊन हाक मारीन," शकुबाईंनी नियम सांगितला. "माझी हाक येतपर्यंत डोळा उघडाचा नाही. उघडला की हरले. अन् मोबाईल ठेवा इथं, चोरून वेळ पाहाल!"

"ठेवतो!" घनश्यामभाऊंनी मोबाईल चुलीजवळ आपटला. पोहे तयार होते, पण रागाच्या भरात त्यांनी तेही नाकारले. "भरल्या पोटी झोप येते!" असं तत्त्वज्ञानही वर ऐकवलं.

या वाक्याचा त्यांना पुढे फार पश्चात्ताप झाला.

आता प्रश्न जागेचा. विहारात आज रंगकाम चाललं होतं. देवळात भजनी मंडळाचा सराव होता. तळ्याच्या पाळीवर बाया धुणं आपटत होत्या. सानगडीच्या पुढे वसलेल्या या गावात खरी शांत जागा एकच उरली होती: सरकारी धान खरेदी केंद्र! कारण ते बंद होतं. धान मोजायला काटा होता, माणसं होती, साहेब होते. फक्त भरायला बारदाना, म्हणजे पोती, नव्हती. "बारदाना निघाला आहे," हे साहेब दिवाळीपासून सांगत होते. तो रांगत निघाला असता तरी एव्हाना उभा राहून चालायला लागला असता! तोवर गावभराचं धान घरोघरी अंगणात ताडपत्रीखाली पडलं होतं. त्यावर उंदीर धष्टपुष्ट होत होते आणि आभाळात रोज ढग येऊन चौकशी करून जात होते. शकुबाईंच्या अंगणातला ढीगही त्यातलाच. त्या रोज त्याभोवती फिरत आणि साहेबांना ठेवणीतल्या शिव्या देत.

घनश्यामभाऊंनी केंद्राच्या बंद शटरसमोर सतरंजी टाकली, मांडी घातली, डोळे मिटले. श्वास आला. श्वास गेला. चिमणी चिवचिवली. वा! किती दिवसांनी काहीही होत नव्हतं!

एवढ्यात सायकल थांबली.

"भाऊ? काहून बसून राहिले इथं?" हा नत्थूचा आवाज. धान घरात मावेना म्हणून नत्थू स्वतः पडवीत झोपत होता. रोज सकाळी तो शटर उघडलं का हे बघायला यायचा.

घनश्यामभाऊ गप्प. श्वास आला.

"भाऊ, बरं आहे ना?"

श्वास गेला.

नत्थूनं सतरंजीकडे पाहिलं. मिटलेल्या डोळ्यांकडे पाहिलं. बंद शटरकडे पाहिलं. आपल्याकडे सरकारी दारासमोर सतरंजी टाकून, न बोलता बसलेल्या माणसाचा अर्थ एकच होतो. तो लहान पोरालाही सांगावा लागत नाही.

"बापा बापा!" नत्थूनं सायकल सोडून हात जोडले. "आमच्यासाठी उपाशी बसला जी हा माणूस! अन् आम्ही पोहे खाऊन आलो!"

'नाही!' घनश्यामभाऊ मनात किंचाळले. पण तोंड उघडलं तर शेण. त्यांनी सरांच्या सांगण्याप्रमाणे फक्त नोंद केली: घबराट... घबराट... घबराट. तोवर नत्थू गावात पोचला होता.

मग पावलं वाजायला लागली. कोणी शेजारी बसलं, कोणी मागं. कोणीतरी त्यांच्या कपाळाला गुलाल लावला. तो नाकात गेला. शिंक... शिंक... शिंक, अशी नोंद करता करता शिंक परत गेली. ध्यानाच्या इतिहासात अशी प्रगती क्वचितच कोणाची झाली असेल.

आणि मग राजकुमार आला. राजकुमार मागची ग्रामपंचायत हरला होता आणि तेव्हापासून जिथे चार माणसं उभी दिसतील तिथे पाचवा होऊन भाषण करायचा. वरातीतही करायचा.

"मंडप आणा बे, लाउडस्पीकर आणा!" त्यानं हुकूम सोडला. "मागच्या साली रस्त्यासाठी बसलो होतो, त्याचं बॅनर आहे माझ्या घरी. 'रस्ता'वर कागद चिकटवा अन् 'बारदाना' लिहा. बाकी तेच चालते."

"बाकी काय लिहिलं आहे?" कोणीतरी विचारलं.

"आमरण उपोषण!"

आमरण! घनश्यामभाऊंच्या पोटात खड्डा पडला. तो काही अंशी आधीचाच होता. तास तर केव्हाच झाला असणार! शकुबाई कुठे राहिली? ती आली, तिनं हाक मारली, की डोळे उघडायचे, हात जोडायचे आणि सगळ्यांना सांगायचं, बाबांनो, मी पैजेवर बसलो आहे, मरणावर नाही!

त्याच वेळी वारा फिरला आणि तर्री-पोह्यांचा वास आला. उपोषणाला पाठिंबा द्यायला आलेल्या मंडळींनी टपरीवाल्याला तिथेच बोलावलं होतं.

"भाऊसमोर खाऊ नका बे, वास लागते त्यांना!" राजकुमार दरडावून म्हणाला. "थोडं बाजूला होऊन खा. मलेही एक प्लेट तिकडंच आण. तर्री जास्त."

भूक... भूक... भूक. सर म्हणत, ज्याची नोंद घ्यावी ते हळूहळू विरतं. पण पोहे विरत नव्हते. उलट त्यांवरच्या तर्रीतले चणेसुद्धा आता दिसू लागले होते.

एवढ्यात ती चाल ऐकू आली. बांगड्या, पैंजण आणि पायाखालच्या जमिनीला धाक! शकुबाई! घनश्यामभाऊंचं रोमरोम गाऊ लागलं. मार हाक! मार एकदाची!

शकुबाईंनी मंडप पाहिला. बॅनर पाहिलं. गर्दी पाहिली. शटर अर्धं वर झालं होतं आणि त्याखालून केंद्राचे साहेब रुमालानं मान पुसत बाहेर डोकावत होते. दिवाळीनंतर साहेबांना घाम फुटलेला गावानं पहिल्यांदाच पाहिला. शकुबाईंच्या डोळ्यांपुढे अंगणातला ढीग आला. वरचे ढग आले. आतले उंदीर आले.

त्या सतरंजीवर नवऱ्याशेजारी बसल्या, पदर सावरला आणि त्याच्या कानाशी वाकून म्हणाल्या,

"तास कधीचाच झाला. पण मी हाक मारत नाही. बारदाना येतपर्यंत हललात तर याद राखा!"

घनश्यामभाऊंच्या मिटल्या डोळ्यांतून एक थेंब ओघळला.

"रडून राहिले जी भाऊ!" नत्थूनं हुंदका दिला. "शेतकऱ्यांसाठी!"

"घोषणा द्या!" राजकुमारनं माइक हातात घेतला. पण तेवढ्यात मेश्राम सर आले. घनश्यामभाऊंची मांडी, पाठ, हात बघून त्यांना एका नजरेत कळलं की हा आपला रविवारचा विद्यार्थी आहे. ते शेजारी वाकले.

"छान बसलात घनश्यामभाऊ. काय होऊन राहिलं तेवढं पाहा."

जे होऊन राहिलं होतं ते न पाहण्यासाठीच घनश्यामभाऊ तडफडत होते!

"सर, दोन शब्द बोला आंदोलनावर!" राजकुमारनं माइक पुढे केला.

सरांनी माइक घेतला, बंद केला आणि खाली ठेवला. "बोलून बोलून दिवाळी गेली राजकुमार. आता थोडे सगळेच गप्प बसू. मांड्या घाला. पाठ सरळ. श्वास पाहा."

का कोण जाणे, गावानं ऐकलं. बायांनी ऐकलं, म्हाताऱ्यांनी ऐकलं. पाच मिनिटांत अख्खं गाव शटरसमोर डोळे मिटून बसलं. राजकुमारही बसला. त्याच्या आयुष्यातली ही सर्वात लांब शांतता होती. त्याचा घसा अधूनमधून आपोआप खाकरत होता.

साहेबांची मात्र पाचावर धारण बसली! ओरडणाऱ्या गर्दीचं काय करायचं हे त्यांना ठाऊक होतं: आश्वासन द्यायचं. पण न ओरडणाऱ्या गर्दीला आश्वासन कसं देणार? कोणी मागतच नव्हतं! आतून त्यांचा फोनवरचा आवाज येऊ लागला.

"सर, घोषणा देऊन नाही राहिले!... नाही सर, दगडही नाही!... नुसते बसले आहेत!... डोळे मिटून सर, बायासुद्धा!... मला भीती वाटून राहिली सर! काहीतरी मोठं ठरलं आहे यांचं!"

मग साहेब लिंबू-सरबताचा ग्लास घेऊन बाहेर आले आणि घनश्यामभाऊंपुढे चक्क उकिडवे बसले.

"भाऊ, बारदाना निघाला आहे. खरंच निघाला आहे. एवढं सरबत घ्या."

ग्लास ओठांना लागला. थंडगार! लिंबाचा, साखरेचा, जीव ओवाळून टाकावा असा वास! घनश्यामभाऊंचे ओठ सुटणार, एवढ्यात डाव्या मांडीला चिमटा बसला. शकुबाईंचा चिमटा गव्हाच्या पोत्यालाही जाणवला असता.

ओठ मिटले.

"नाही म्हणून राहिले ते," शकुबाईंनी भाषांतर केलं. "निघाला अन् आला, यात फरक असते जी साहेब."

साहेब आत पळाले. फोन पुन्हा लागला. दुपार कलली, मंडपाची सावली सरकली, घनश्यामभाऊंचे पाय आधी झोपले, मग मेले, मग त्यांची नोंद घेणंही बंद झालं. आणि मग तो आवाज आला. ट्रक! बारदान्यानं गच्च भरलेला ट्रक! कुठून आला, कोणत्या गोदामात तो इतके दिवस विश्रांती घेत होता, हे कोणी विचारलं नाही.

गाव उठलं. शकुबाई उठल्या नाहीत. "आधी काटा लावा," त्या म्हणाल्या. काटा लागला. "आता नत्थूचं धान आणा, पहिलं पोतं भरा अन् मोजा." मोजलं. पोतं शिवलं. तेव्हा कुठे त्यांनी हाक मारली:

"उठा जी! झाला तास!"

घनश्यामभाऊंनी डोळे उघडले. समोर गाव, गुलाल, रोखलेले मोबाईल. ते उठायला गेले आणि आडवे झाले. पोरांनी त्यांना खांद्यावर घेतलं. राजकुमारनं माइक तोंडाशी आणला. "भाऊ! सरकारला दोन शब्द! कडक!"

घनश्यामभाऊंनी दिवसभराच्या मौनानं भरलेल्या छातीतून श्वास घेतला. गाव कान टवकारून उभं राहिलं. लाउडस्पीकरवरून तळ्याच्या पलीकडेपर्यंत आवाज गेला:

"पोहे उरले काय बे?"

पैज त्यांनी जिंकली. शकुबाई शब्दाच्या पक्क्या. दुसऱ्या दिवशी सकाळी घरात मिक्सर नाही, टीव्ही नाही, तुमसर नाही. घनश्यामभाऊंनी ऐटीत सतरंजी अंथरली.

"इथं कायले बसता?" शकुबाई म्हणाल्या. "पाण्याच्या टाकीखाली बसा ना. नळाले पाणी नाही हप्ताभरापासून."

घनश्यामभाऊंनी कंबरेवर हात ठेवले. आज नाही! आज अजिबात नाही! "ऐक वो! ध्यान हे कायच्यासाठी नसते! सरांनी सांगितलं आहे! काही मिळवाले बसला तो ध्यानाले बसलाच नाही!"

"मग मी कोठं म्हटलं कायच्यासाठी बसा?" शकुबाईंनी सतरंजी गुंडाळून त्यांच्या काखेत दिली. "कायच्याचसाठी नका बसू. फक्त टाकीखाली बसा."

बाहेर फाटकाशी राजकुमार 'बारदाना'वर कागद चिकटवत उभा होता.

घनश्यामभाऊंनी त्याच्याकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, आलेला राग आला म्हणून पाहिला. मग ते ठणकावून म्हणाले, "जातो! पण माझ्या अटीवर!"

आणि पाटावर बसून त्यांनी आधी दोन प्लेट पोहे खाल्ले.