ओहोटीच्या वेळची भरती

माणूस निवडावा तर आमच्यासारख्याने! हे मी तेव्हाही म्हणालो होतो आणि आजही म्हणतो. मधल्या काळात काय घडलं ते सांगतो, मग तुम्हीच ठरवा.

सन एकतीसची गोष्ट. म्हसळ्याच्या खाडीत नुरुद्दीन शेठची प्रवासी लाँच चालायची आणि मी, विश्वंभर, त्या लाँच कंपनीचा मॅनेजर. कंपनी म्हणजे एक लाँच, एक टेबल आणि मी! लाँच सुटायची भरतीवर, म्हणजे रोज वेगळ्या वेळेला. लोकांना कळावं म्हणून धक्क्यावरून "लाँच सुटतेय होऽऽ!" अशी आरोळी ठोकायला एक पुकाऱ्या असे. तो मुंबईला गोदीत लागला आणि जागा रिकामी झाली.

झालं! अर्ज सात आणि शिफारसपत्रं सतरा! एक मामलेदार कचेरीतल्या कारकुनाचं, एक काझींचं, आणि एक तर चक्क माझ्या सासूबाईंचं! त्यात शेठचा भाचा मुश्ताकही उमेदवार.

"विश्वंभरराव," शेठ मऊ आवाजात म्हणाले, "मुश्ताक म्हणजे घरचाच पोर आहे."

"शेठ, इथे घरचं-दारचं चालायचं नाही! माणूस बघायचाच नाही, नुसता आवाज ऐकायचा!"

योजना बिनतोड होती. शेठ, शाळेचे दयाराम मास्तर आणि मी अशा तिघांनी शाळेच्या टेकडीवर धक्क्याकडे पाठ करून बसायचं. खाली लाँचीचा तांडेल रावजी चिठ्ठ्या टाकून एकेकाला ओरडायला लावणार. कितवा कोण, हे फक्त त्याला ठाऊक. आम्ही मार्क तेवढे द्यायचे.

"पण गाव फसेल ना?" मास्तरांनी शंका काढली.

"मास्तर, परीक्षा ठेवलीय भर ओहोटीला! लाँच चिखलात बसलेली असणार. चिखलातून लाँच सुटते असं मानणारा माणूस अजून जन्मायचाय!"

तो जन्मला होता. एक नव्हे, साठ जण!

पहिल्या आरोळीला एक गृहस्थ हजामापुढून उठले आणि अर्ध्या दाढीनिशी धक्क्याकडे धावले. दुसरीला तळा गावाहून आलेलं एक वऱ्हाड भरल्या पानांवरून उठलं. तिसरीला बाजार रिकामा! चिखल सगळ्यांना दिसत होता हो, पण पुढचा पळतोय म्हटल्यावर मागचा थांबतो होय? रावजी "परीक्षा हाय! परीक्षा हाय!" म्हणून घसा फोडत होता. पण त्याचा आवाज लोकांपर्यंत पोचत असता, तर आम्ही त्यालाच नसता का नेमला?

चौथ्या आरोळीपर्यंत पंचवीस माणसांच्या लाँचीत साठ माणसं, नऊ कोंबड्या आणि अगणित फणस बसले. लाँच उन्हात लोळणाऱ्या म्हशीसारखी एका कुशीवर कलली.

आम्हाला यातलं काही म्हणजे काही माहीत नाही!

"हा गलका कसला?" शेठ मान वळवू लागले.

"मागे बघायचं नाही!" मी दरडावलं.

आणि मग पाचवी आरोळी आली. काय सांगू! डोक्यावरच्या वडातले कावळे उडाले, शाळेतला दुसरीचा वर्ग आपोआप उभा राहिला आणि शेठच्या हातातला चहा धोतराखेरीज सगळीकडे सांडला, तोही शेठ धोतर नेसत नसत म्हणून! शब्द काही कळले नाहीत. पण मजकुराला मार्क होते कुठे? तिघांनीही शंभरपैकी शंभर दिले.

पुढच्या आरोळ्या उपचारापुरत्या ऐकून आम्ही खाली उतरलो.

"पाचवा कोण?" शेठनी विचारलं.

"पाचवा? मुश्ताक," रावजी म्हणाला.

शेठनी मला मिठीच मारली. "वल्लाह! इन्साफ याला म्हणतात, विश्वंभरराव!"

मुश्ताक चुळबुळला. "मामू, मी कुठे एवढा ओरडलो?"

"ओरड बेटा, परत ओरड!"

तो ओरडला. शेजारी झोपलेल्या कुत्र्याने कूससुद्धा बदलली नाही!

"थांबा," मास्तर वहीत बघून म्हणाले, "उमेदवार सात, मग आरोळ्या आठ कशा?"

रावजीने बोट दाखवलं. धक्क्याच्या कडेला सुकट विकणारी चंद्राबाई कोळीण तुडवलेली टोपली निवडत बसली होती.

"चौथ्याच्या मागनं ही वरडली. लाँच उलटाया आली व्हती. 'उतरा मेल्यांनो!' म्हनली, आनि साठच्या साठ उतरले. न्हाय तं समदे चिखलात गेले असते, साहेब."

माझ्या अंगात वीरश्री संचारली. "शेठ, निवड झाली! चंद्राबाई!"

"बाईमाणूस? धक्क्यावर? लोक काय म्हणतील?"

"तिच्या आवाजापुढे लोकांचं ऐकू येईल तर ना!"

"आणि अर्ज कुठाय तिचा?"

"साऱ्या गावाने ऐकला की!"

तेवढ्यात चंद्राबाई उठली. "ओ म्यानेजर, गड्याला देतास तेवढाच पगार देशील तं येते. कमी न्हाय घ्यायची."

"तेवढाच!" मी म्हणालो, आणि तिथेच एका फणसावर कागद ठेवून नेमणुकीचं पत्र लिहून सही ठोकली.

शेठचा चेहरा लाल. समोर अर्ध्या दाढीचे गृहस्थ आणि उपाशी वऱ्हाड जाब विचारत उभे. "विश्वंभरराव, ते पत्र फाडा. नाहीतर तुमचीही जागा रिकामी समजा!"

"समजलो!" मी म्हणालो आणि पत्र चंद्राबाईच्या हातात दिलं. आयुष्यात एवढा ताठ मी कधीच चाललो नव्हतो. फक्त घरापर्यंतच जायचं होतं, ही गोष्ट वेगळी.

शेठ माणूस शब्दाचा. माझी सही कंपनीची सही म्हणून त्यांनी चंद्राबाईला ठेवली. त्या महिन्यात एकाही प्रवाशाची लाँच चुकली नाही! मग त्यांनी मॅनेजरच्या जागेसाठीही परीक्षा ठेवली. पेपरावर नाव नाही, नुसता आकडा. मीही बसलो. म्हटलं, आपल्याच जागेला आपल्यापेक्षा लायक कोण मिळणार?

पहिला आला म्हसळ्याचा एक तरुण. दुसरा मुश्ताक. मी तिसरा.

निकाल धक्क्यावरून पुकारला गेला, चंद्राबाईच्या तोंडून! मी घरी पोचायच्या आत माझी बायको श्यामला दारात उभी होती.

"तिसरे काय हो?" तिने विचारलं.

"हो. पण निवड अगदी न्यायाची झाली!"

हे मी आजही छातीठोकपणे सांगतो. फक्त, सासूबाई घरात असल्या की जरा हळू सांगतो.